ट्रेबल क्लेफच्या जागी चौकोन? काय दिसतंय त्यावरून दोष शोधा

नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत गिटार, कीबोर्ड, हार्मोनियमचे क्लास गल्लोगल्ली आहेत. बहुतेकांची आता छोटीशी वेबसाइट असते: फी, वेळा आणि मुलांच्या सरावासाठी चार पानं. अशा काही साइट मी सांभाळतो. त्यांचं एकच दुखणं माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतं. स्वरलिपीची चिन्हं, म्हणजे सा-रे-ग-म वरच्या खुणा किंवा पाश्चात्त्य पंचरेषांच्या सुरुवातीला येणारी क्लेफ, ब्राउझरमध्ये दिसत नाहीत, नाहीतर भलतीच दिसतात. एका मॅडमनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये प्रश्न होता, "यातली बास क्लेफ कोणती?" आणि खाली चार पर्याय, चारही रिकामे चौकोन. मुलं म्हणे खूश होती, कुठलंही उत्तर दिलं तरी बरोबरच.

अशा वेळी "साइट बिघडली" एवढं सांगून भागत नाही. चिन्हाच्या जागी नेमकं काय दिसतंय ते बघा, कारण अर्धं निदान तिथेच होतं.

लक्षणं

रिकामा चौकोन, किंवा बारीक आकडे-अक्षरं कोंबलेला चौकोन (फायरफॉक्स असा दाखवतो): चिन्ह पानापर्यंत सुखरूप पोचलंय, ते काढणारा फाँट नाही.

काळ्या हिऱ्यात पांढरं प्रश्नचिन्ह: चिन्हाचे बाइट्स तुटलेत, किंवा चुकीच्या एन्कोडिंगने (बाइट्समधून अक्षर ओळखायच्या पद्धतीने) वाचले जातायत.

साधं प्रश्नचिन्ह, किंवा चिन्हापासून पुढचा सगळा मजकूर गायब: डेटाबेसकडे बोट जातं.

टोप्या-टिंबं चढवलेल्या परदेशी अक्षरांची रांग, आणि मराठी मजकुराचाही तोच गोंधळ: पानाचं एन्कोडिंग ब्राउझरला कळलेलं नाही.

क्लेफच्या जागी एक कोरियन अक्षर, किंवा आडवा पडलेला छोटा गोल आणि त्याला चिकटून इंग्रजी ई: जावास्क्रिप्ट.

पहिल्यांदा चौकोन, रिफ्रेश केल्यावर ठीक: फाँट उशिरा येतोय.

स्वराच्या मात्रेखाली ठिपक्या-ठिपक्यांचं वर्तुळ: देवनागरी स्वरलिपीत खुणांचा क्रम चुकलाय.

सुरुवात फुकटातल्या तपासण्यांपासून

हीच ओळ दोन-तीन यंत्रांवर उघडा: ♭ ♮ ♯ ♪ आणि 𝄞. एक जुना अँड्रॉईड फोन, एक विंडोज लॅपटॉप, जमलं तर एक आयफोन. ही पाच चिन्हं एका जातीची वाटतात, पण तशी नाहीत. कोमल-तीव्राची ♭ ♯ आणि साधी ♪ ही युनिकोडच्या (प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या यादीच्या) जुन्या, गर्दीच्या भागात बसतात. त्यांचे क्रमांक ९८३४ ते ९८३९ आहेत आणि ती बहुतेक यंत्रांवर असतात. ट्रेबल क्लेफ मात्र २००१ साली युनिकोड ३.१ मध्ये आलेल्या 'म्युझिकल सिम्बॉल्स' विभागातली. तिचा क्रमांक ११९०७०, म्हणजे ६५५३५ च्या पलीकडचा. हा ६५५३५ चा उंबरठा लक्षात ठेवा, पुढे जावास्क्रिप्टमध्येही तो आडवा येतो. ♭ दिसतंय आणि 𝄞 दिसत नाही, तर दोष फाँटमध्ये किंवा उंबरठ्यापलीकडची चिन्हं हाताळण्यात आहे. दोन्ही बिघडलेली असतील तर आधी एन्कोडिंग बघा.

मग टाइप काय केलंय ते तपासा. शार्पच्या जागी कीबोर्डवरचं हॅश आणि फ्लॅटच्या जागी इंग्रजी बी सर्रास असतं. दिसायला चालून जातं, पण फाँट बदलला की उघडं पडतं. शार्पऐवजी हॅश असलेलं नाव लिंकमध्ये गेलं तर पत्ता तिथेच तुटतो, कारण हॅशनंतरचा भाग सर्व्हरकडे जातच नाही. व्हॉट्सअ‍ॅपमधून 🎵 उचलून टाकलं असेल तर ती रंगीत इमोजी आहे. सीएसएसमध्ये (पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमध्ये) कितीही लाल रंग द्या, ती आपल्याच रंगात राहते आणि प्रत्येक फोनवर वेगळी दिसते. तिथे ♪ वापरा.

मराठी कीबोर्ड सुरू ठेवून कोड लिहिणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. एचटीएमएलमध्ये क्लेफ अशी लिहितात:

𝄞

यातले आकडे इंग्रजीच हवेत. देवनागरी आकडे पडले तर ब्राउझर त्याला कोड मानत नाही, जसंच्या तसं छापतो. पानावर अँपरसँडसकट (& या चिन्हासकट) अख्खी ओळ दिसत असेल तर आधी आकडे बघा. ते बरोबर असतील तर बहुधा एडिटरने अँपरसँडच 'सुरक्षित' करून टाकलेलं असतं. मजकुराच्या खिडकीतून बाहेर येऊन एचटीएमएलच्या खिडकीत जाऊन लिहा. बास क्लेफ 𝄢 आणि सी क्लेफ 𝄡.

हार्मोनियम-गायनवाल्यांसाठी

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत क्लेफपेक्षा जास्त भरणा 'सा रे ग म'चा असतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

कोड उघडण्याआधी शिक्षकांना विचारा, स्वर लिहायच्या दोन पद्धतींपैकी तुमची लिपी कुठली, भातखंडे की पलुसकर? नाशिकमध्ये हा प्रश्न सोडून चालत नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकर उत्तरायुष्यात पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढून राहिले, त्यामुळे त्यांच्या परंपरेतले शिक्षक इथे भेटणारच. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक आणि पायाशी टिंब म्हणजे मंद्र. पलुसकर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं, आणि तार सप्तकाला उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंडे पद्धतीत म वर आली की तो तीव्र मध्यम. "साइटवर सप्तकं उलटी दिसतायत" अशी तक्रार आली, तर कोडला हात लावायच्या आधी हे विचारून घ्या.

पुढचं भातखंडे पद्धतीचं. कोमल स्वराखालची रेघ बरेचजण वर्डसारखं अधोरेखन करून काढतात. पानावर ती छान दिसते. मग एखादा विद्यार्थी ती ओळ कॉपी करून ग्रुपवर टाकतो आणि अधोरेखन मागे राहतं. रे, ग, ध, नि चारही कोमल असलेल्या भैरवीचा क्षणात बिलावल होतो! शिवाय शेजारी-शेजारी दोन कोमल स्वर आले तर रेघा जुळून एकच लांब रेघ होते. म्हणून रेघ हा मजकुराचाच भाग हवा, सजावटीचा नको.

त्यासाठी परदेशी खुणा शोधायची गरज नाही. वेदपाठासाठी युनिकोडच्या देवनागरीतच दोन खुणा आहेत: खालची आडवी रेघ ॒ आणि वरची उभी रेघ ॑. त्यांनी रे॒ ग॒ ध॒ नि॒ आणि म॑ असे स्वर मिळतात, आणि ते कॉपी केल्यावरही टिकतात. मंद्राच्या टिंबाला नुक्ता (अक्षराखालचं टिंब), ताराच्या टिंबाला अनुस्वार चालतो. (स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर 'सां' हा अनुस्वारासकट उच्चारतं. अंध विद्यार्थी असतील तर त्या स्वरांना वेगळं लेबल द्या.)

ठिपक्यांचं वर्तुळ येतं ते क्रम चुकल्यामुळे. क्रम असा: व्यंजन, नुक्ता, मात्रा, अनुस्वार आणि सगळ्यात शेवटी रेघ. र, मग रेघ, मग एकारमात्रा असं टाइप केलं तर मात्रेला बसायला अक्षरच उरत नाही, आणि ब्राउझर तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ मांडून "इथे काहीतरी चुकलंय" हे दाखवून देतो. पुसायला गेलात तर बॅकस्पेस कुठली खूण खातो याचा नेम नाही. अख्खा स्वर पुसून नव्याने टाइप करणं सोपं. क्रम बरोबर असूनही रेघ नुक्त्यावर आदळत असेल तर फाँट बदला. नोटो सान्स देवनागरीमध्ये या वैदिक खुणा आहेत, अनेक शोभेच्या मराठी फाँटमध्ये नसतात.

तालाच्या मात्रा स्पेस मारून जुळवल्या असतील तर त्या फोनवर विस्कटणारच. सोळा मात्रांना सोळा रकान्यांचं टेबल करा. एका मात्रेत दोन-चार स्वर बांधणारी खालची कमान अक्षरांनी काढत बसू नका. त्या स्वरांच्या गटाला खालची बॉर्डर देऊन कोपरे गोल केले की काम झालं.

एन्कोडिंग

मराठी मजकूरही बिघडला असेल तरच इथे वेळ घालवा. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह आहे का, आणि पानाच्या डोक्यात कॅरसेटचा (एन्कोडिंगचं नाव सांगणारा) मेटा टॅग आहे का ते बघा. तो फाइलच्या पहिल्या १०२४ बाइट्समध्ये हवा; वर लांबलचक स्क्रिप्ट चिकटवून तो खाली ढकलला गेला तर असून नसल्यासारखा. दोन्ही ठीक असेल तर सर्व्हर काय सांगतोय ते बघा, कारण सर्व्हरच्या हेडरमधलं कॅरसेट मेटा टॅगला मागे टाकतं. ब्राउझरने शेवटी काय धरलंय ते त्याच्या डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलमध्ये 'डॉक्युमेंट' डॉट 'कॅरेक्टरसेट' विचारलं की कळतं.

फाँट

रिकाम्या चौकोनाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. क्लेफ वाचकाच्या यंत्रात असेल असं गृहीत धरू नका, फाँट साइटसोबत द्या. नोटो म्युझिक फुकट आहे, परवाना खुला आहे, आणि पानावर अधूनमधून येणाऱ्या चिन्हांना पुरतो. फाँट-फॅमिलीच्या यादीत मराठी फाँट आधी, नोटो म्युझिक त्याच्यामागे. ब्राउझर प्रत्येक अक्षरासाठी यादी वरून खाली चाळतो, त्यामुळे मराठी मराठीत राहतं आणि क्लेफ आपोआप दुसऱ्या फाँटातून येते.

फाँट लावलाय, तरी चौकोन? डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडा, फाँटचा फिल्टर लावा आणि पान पुन्हा लोड करा.

फाँटच्या ओळीसमोर ४०४ असेल तर पत्ता चुकलाय. "माझ्या लॅपटॉपवर दिसतं, सर्व्हरवर नाही" या तक्रारीत फाइलच्या नावातलं कॅपिटल अक्षर हमखास सापडतं. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो.

फाइल येते पण ब्राउझर अडवतो, कन्सोलमध्ये लाल अक्षरांत 'कॉर्स' दिसतं: फाँट दुसऱ्या पत्त्यावरून येतोय आणि त्या सर्व्हरने परवानगी दिलेली नाही. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावलेला आणि न लावलेला पत्ता ब्राउझरच्या लेखी वेगवेगळे. म्हणून फाँटचा पूर्ण पत्ता एका रूपात लिहिला आणि पालकाने साइट दुसऱ्या रूपात उघडली, की काहींना क्लेफ, काहींना चौकोन. "आमच्याकडे तर दिसतंय" हा वाद इथूनच सुरू होतो. पत्ता सापेक्ष ठेवा, म्हणजे त्यात साइटचं नाव लिहू नका, वाद मिटतो.

फाँटची ओळ यादीत दिसतच नसेल तर सीएसएसमधली युनिकोड-रेंज (फाँट कुठल्या क्रमांकांसाठी वापरायचा तो पट्टा) बघा. पान हलकं करायला कुणीतरी तिथे फक्त देवनागरीचा पट्टा लिहून ठेवलेला असतो. संगीताचा विभाग त्यात नसला की ब्राउझर फाँट मागवतच नाही, आणि चूकही दाखवत नाही.

परिच्छेदात दिसतं पण बटणात किंवा ड्रॉपडाउनमध्ये दिसत नाही? बटणं आणि फॉर्मचे रकाने पानाचा फाँट आपोआप घेत नाहीत. त्यांना सीएसएसमध्ये 'इनहेरिट' लिहून पानाचाच फाँट घ्यायला सांगा. टॅबच्या नावात आणि अलर्टच्या खिडकीत तर वेबफाँट चालतच नाही, तिथे सरळ 'ट्रेबल क्लेफ' असं लिहा.

ब्रावुरा हा दुसरा नामांकित फुकट फाँट, पण त्याचं प्रकरण वेगळं आहे. तो स्मूफल या, संगीतचिन्हांचे क्रमांक ठरवणाऱ्या मांडणीचा नमुना फाँट. स्मूफलमध्ये ट्रेबल क्लेफ ५७४२४ या क्रमांकावर असते, आणि तो युनिकोडने खासगी वापरासाठी मोकळा सोडलेल्या भागातला आहे. ब्रावुरा लोड झाला तर क्लेफ; नाही झाला तर चौकोन, नाहीतर दुसऱ्या एखाद्या आयकॉन फाँटचं भलतंच चित्र. त्यात स्वरांचं माप पंचरेषांच्या उंचीवर बेतलेलं असतं, म्हणून मजकुराच्या ओळीत चिन्ह अवाढव्य किंवा वर-खाली सरकलेलं दिसतं. ओळीत वापरायला ब्रावुरा टेक्स्ट नावाची वेगळी आवृत्ती आहे, ती घ्या.

बॅनरवर शोभेची एकच क्लेफ हवी असेल तर मात्र या सगळ्यात पडूच नका. एसव्हीजी चित्र लावा.

जावास्क्रिप्ट

कोरियन अक्षर पहिल्यांदा बघणारा माणूस साइट हॅक झाली म्हणून घाबरतो. भानगड साधी आहे. क्रमांकावरून अक्षर बनवणारं जुनं 'फ्रॉमकॅरकोड' ६५५३५ च्या पुढचं मोजत नाही. ११९०७० मधून ६५५३६ वजा होतात, उरतात ५३५३४, आणि तिथे कोरियन लिपी राहते. 'फ्रॉमकोडपॉइंट' वापरा. तसंच बॅकस्लॅश-यूनंतर महिरपी कंस न लावता क्लेफचा हेक्साडेसिमल क्रमांक (1D11E) लिहिला तर पहिली चारच स्थानं धरली जातात. उरलेलं ई अक्षर मागे सुटं पडतं. आडव्या गोलाचं रहस्य ते. महिरपी कंस लावा.

हिऱ्यातलं प्रश्नचिन्ह फक्त काही शब्दांच्या शेवटी येत असेल तर कुठेतरी मजकूर छाटला जातोय. जावास्क्रिप्टच्या लेखी एक क्लेफ म्हणजे दोन तुकडे, त्यामुळे तिची लांबी २ येते. 'पहिली वीस अक्षरं दाखवा' असा कोड बरोबर मधूनच कापतो. आधी 'ॲरे डॉट फ्रॉम'ने अक्षरं सुटी करा, मग छाटा.

रिफ्रेश केल्यावरच चिन्हं येत असतील तर चित्र कॅनव्हासवर (कोडने चित्र काढायच्या पानातल्या जागेत) काढलं जातंय का ते बघा. साध्या मजकुरात फाँट उशिरा आला तरी ब्राउझर तो बदलून घेतो. कॅनव्हासवर एकदा काढलेला चौकोन कोरलेलाच राहतो. 'डॉक्युमेंट डॉट फाँट्स डॉट लोड'ला फाँटचं नाव आणि सोबत क्लेफचं चिन्हही द्या, ते पूर्ण झाल्यावर काढा. चिन्ह दिलं नाही तर ते फक्त एका स्पेससाठी फाँट शोधतं, आणि युनिकोड-रेंज लावलेली असेल तर आपला फाँट येतच नाही.

डेटाबेस

मराठी व्यवस्थित साठतं, क्लेफ टाकली की मजकूर तिथेच तुटतो किंवा सेव्हच होत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'यूटीएफ८' नावाने जे जुनं एन्कोडिंग आहे ते अक्षराला तीनच बाइट्स देतं. देवनागरी अक्षर तीन बाइट्सचं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. क्लेफ चार बाइट्सची. तिला 'यूटीएफ८एमबी४' लागतं, जे ५.५.३ या आवृत्तीपासून आहे. टेबल बदललं तरी साइट आणि डेटाबेस यांच्यातल्या जोडणीचं कॅरसेटही तेच ठेवायला विसरू नका, नाहीतर प्रश्नचिन्हं सुरूच राहतात.

तात्पुरता उपाय हवा असेल तर डेटाबेसमध्ये चिन्हाऐवजी 𝄞 हेच ठेवा, किंवा 'ट्रेबल' असा शब्द ठेवून दाखवताना चिन्ह करा. छोट्या प्रश्नमंजुषेला हे कायमचंही पुरतं.

इथे हात आवरा

चालू डेटाबेसचं रूपांतर स्वतः करू नका, निदान बॅकअप परत चढवून बघितल्याशिवाय तरी नाहीच. जुन्या टेबलांत इंडेक्सला (नोंदी पटकन शोधायच्या सूचीला) ७६७ बाइट्सची मर्यादा असते. चार बाइट्सच्या हिशेबाने २५५ अक्षरांचा रकाना त्यात मावत नाही आणि रूपांतर अर्ध्यावर अडकतं. मुलांच्या फीच्या नोंदी त्याच डेटाबेसमध्ये असतील तर एका क्लेफसाठी ही जोखीम घेऊ नये. डेटाबेस जाणणाऱ्याला बोलवा. सर्व्हरचं हेडर बदलायचं असेल आणि तुमच्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ती सोयच नसेल तर होस्टिंगवाल्यांना सांगा. इकडून तिकडून उचललेल्या ओळी सर्व्हरच्या फाइलमध्ये चिकटवल्या की अख्खी साइट बंद पडू शकते.

दुसरी हद्द पंचरेषांची. युनिकोडमध्ये सुटी चिन्हं आहेत, पण कुठला स्वर कुठल्या रेषेवर बसतो याची सोय त्यात नाही. पाच रेषांवर स्वर, बार, टाय, खाली शब्द असं सगळं हवं असेल तर सीएसएसने चिन्हं वर-खाली ढकलत बसण्यात आठवडे जातात आणि फोन आडवा केला की सगळं कोसळतं. त्यासाठी व्हेक्सफ्लो, एबीसीजेएस, वेरोवियो अशा तयार लायब्ररी आहेत. एखादी सरळ धून असेल तर एबीसीजेएस शिक्षकांनाही जमतं, कारण त्यात स्वर साध्या इंग्रजी अक्षरांत लिहायचे असतात. नोटेशनच्या सॉफ्टवेअरमधून म्युझिकएक्सएमएल फाइल मिळत असेल तर वेरोवियो. ते स्वतः बसवणं जड जात असेल तर इथेच वेब डेव्हलपर गाठा.

त्याला पाठवताना तीन गोष्टी सोबत द्या: बिघडलेल्या चिन्हाचा जवळून घेतलेला स्क्रीनशॉट, पानाचा पूर्ण पत्ता, आणि कुठला फोन, कुठला ब्राउझर.